एक जुनी राहू द्यावी

रामीबाईनं निताचा उजवा हात ओढून आपल्या गुडघ्यावर घेतला, बाही कोपरापर्यंत सारली, आणि हिरव्या बांगड्यांचा गठ्ठा सोडता सोडता ती थांबली.

"जुनी एकबी नाई?"

निता समोरच्या खोक्यातल्या लाल-पिवळ्या बांगड्यांकडे पाहत राहिली.

"अवो, निदान दोरा तरी बांधून येतेत."

कारंज्याच्या बसस्टँडबाहेर, भिंतीला लागून रामीबाईचं बांगड्यांचं दुकान. दुकान कसलं, ताडपत्रीखाली एक बाकडं आणि चार खोकी. पण आसपासच्या खेड्यांतल्या बाया तिच्याकडेच हात भरून घेतात. सवाष्णीचा हात रिकामा ठेवत नाहीत, हे काही कोणाला शिकवावं लागत नाही. नव्या चढेपर्यंत एक तरी जुनी मनगटात राहू द्यायची. सगळ्याच गेल्या असतील तर दोरा गुंडाळून यायचं, पण उघडा हात बांगडीवालीसमोर धरायचा नाही. या पोरीचे दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत उघडे होते. कपाळावर टिकली होती, गळ्यात काळी पोत होती. पोत नवीकोरी होती आणि टिकली वाकडी बसली होती.

रामीबाईनं टिकलीकडे पाहिलं, पोतीकडे पाहिलं, पुन्हा हाताकडे पाहिलं.

"भर ना बाई लवकर," ताडपत्रीच्या बाहेर उभा असलेला बाबूलाल म्हणाला. तो निताचा सासरा. डोक्याला दुपट्टा बांधलेला, दाढी वाढलेली, डोळे उन्हानं की जागरणानं लाल, कोण जाणे. "दोन्ही हात भरून भर. सगळ्या नव्या. घरी लग्न हाय."

"कोणाचं?"

"पोरीचं."

रामीबाईनं आवाज खाली घेतला. "पोरी, माह्यापाशी वापरलेली पडली हाये एखांदी. एक घालून देऊ का मधात? सगळ्याच कोऱ्या बायाच्या डोळ्यात येतेत."

निता मान हलवणार तोच बाबूलालनं ऐकलं.

"जुनीबिनी काई नको. लग्नाच्या घरी जुनी घालून नेऊ काय सुनेले?"

आता पुरुषाच्या जातीला बांगड्यांतलं काय कळावं? बाबूलालला वाटलं, हात जितका भरलेला तितकं झाकलं जाईल. रामीबाईनं उसासा टाकला आणि निताची बोटं दाबून पहिली बांगडी चढवली. अंगठ्याच्या बुडाशी आल्यावर निता कळवळली. तिथं कातडी सोलवटून खपली धरली होती, सरळ रेघ नव्हे, हाताभोवती गोल.

"हे काय लागलं?"

"कोयता."

कोयता असा गोल लागत नाही, हे रामीबाईला कळत होतं. पण तिनं बांगडी तिरपी करून खपलीवरून अलगद पुढं सरकवली आणि पुढच्या सगळ्या तशाच चढवल्या.

सहा महिने ऊस तोडून टोळी परत निघाली होती. पार दक्षिणेकडून, दोन दिवस पिकअपच्या मागं भांड्याकुंड्यांत, गोधड्यांत आणि कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी बसून सगळे आले होते. इंझोरीच्या अलीकडे त्यांची वस्ती. कारंज्यात थांबायचं कारण नव्हतं. तासाभरात घरी पोचले असते. पण वाटेत एका आठवडी बाजारात पोत मिळाली, टिकलीचं पाकीट टोळीतल्या भुरीबाईनं दिलं आणि चालत्या गाडीत स्वतःच एक निताच्या कपाळाला चिकटवली. बांगड्या मात्र भुरीबाईच्या होईनात. निताचा पंजा रुंद. म्हणून मग कारंज्यात गाडी थांबवा, असं बाबूलालनं राजपाल ड्रायव्हरला सांगितलं.

निताचा नवरा अमरदीप येताना गाडीत नव्हता.

तीन दिवसांपूर्वी, सकाळी ट्रॉली भरताना पायाखालची फळी निसटली आणि डोक्यावरच्या मोळीसकट तो मागं पडला. उठून बसला, हसला, बाहेरून कुठं फुटलं नव्हतं. दुपारी जेवला. डोकं दुखते म्हणून ट्रॉलीच्या सावलीत आडवा झाला तो पुन्हा उठला नाही. बाबूलालनं आपल्या हातानं त्याला आग दिली आणि त्याच नदीच्या काठावर, ओल्या धोतरानं, वस्तीतल्या लोकांना जवळ बोलावून सांगितलं, "घरी या कानाचं त्या कानाले कळू द्याचं नाई. वर्षाराणीचं लग्न होऊ द्या. मंग मी सांगतो."

कोणी त्याला दगडाच्या काळजाचा म्हणेल. म्हणू द्यावं. पण वर्षाराणीची पहिली सोयरीक कशी मोडली ते वस्तीत सगळ्यांना माहीत होतं. साक्षगंध झालं आणि त्याच आठवड्यात नवऱ्या मुलाचा आजा गेला. आजा खाटेला खिळलेला, वर्षभर आज जातो की उद्या असं चाललेलं. पण गेला तो साक्षगंधानंतर गेला, आणि नाव आलं पोरीवर. पांढऱ्या पायाची पोरगी. दोन वर्षं त्या घराचा उंबरा कोणी चढलं नाही. मग अमरदीपनंच अनसिंगकडचं हे स्थळ शोधलं, चार खेपा घातल्या, पाव्हण्यांच्या हातापाया पडला. आता हळदीच्या तोंडावर नवरीचा सख्खा भाऊ गेला म्हटल्यावर ते लोक मांडवात उभे राहणार होते थोडेच? आणि ही मोडली तर तिसरी कोण करणार होतं?

एवढं सगळं निताला पटत होतं. पटत नव्हतं ते एकच.

बांगड्या भरून झाल्या. सवयीनं ती रामीबाईच्या पाया पडायला वाकली आणि सवयीनं रामीबाईचा हात आशीर्वादाला वर आला. दोघीही मध्येच अडल्या. बांगडीवालीचा आशीर्वाद एकच असतो, आणि तो रामीबाईच्या तोंडातून निघेना.

"सुखी राह्य," ती शेवटी म्हणाली. "हात जपून ने."

बाबूलालनं सुनेला भिंतीच्या सावलीत बाजूला घेतलं. आतून एसटीची घोषणा ऐकू येत होती, मानोऱ्याची गाडी लागत होती.

"अमर कुठं हाय म्हटलं तं काय सांगशीन?"

"शेवटची खेप राह्यली. हळदीले येतेत."

"फोन?"

"पाण्यात पडला."

"बरं." त्यानं इकडं तिकडं पाहिलं. "रडाचं नाई. कितीबी आलं तरी नाई."

"मामाजी, मी हळद नाई लावत वर्षाताईले."

"पुन्हा तेच."

"माह्या हातानं नको. तुमाले म्हाईत हाय सगळं. लोकायपासून लपवलं, देवापासून कसं लपवान? उद्या तिचं काई वाईट झालं तं?"

"वहिनी घरात असून पहिली हळद दुसरीनं लावली, तं बाया काय म्हणतीन? तोंडं बंद करशीन त्यायची?"

"मले ताप आला म्हणा."

"अन् मंग बाया तुह्या खाटेपाशी येऊन बसतीन. त्यापरीस हळद बरी." त्याचा आवाज चढला तसा लगेच खाली आला. "पोरी, झाकली मूठ हाय तवरच हाय. मलेबी काई गोड लागून नाई राह्यलं हे."

ते खोटं नव्हतं. सकाळी एका ठिकाणी सामानाचा दोर सैल झाला तेव्हा टपावर चढलेला बाबूलाल खाली वाकून ओरडला होता, "अमर, टोक धर." टोळीतल्या देवमननं मुकाट्यानं टोक धरलं होतं आणि बाबूलाल बराच वेळ टपावरच बसून राहिला होता. निताला सासऱ्याची चीड येई आणि चीड आली की तो टपावर बसलेला आठवे. मग चीडही धड येत नसे.

"चला," तो म्हणाला. "राजपाल हारन वाजवून राह्यला."

आणि तेवढ्यात रसवंतीच्या बाजूनं हाक आली.

"निता! अवो निता!"

ललिताबाई. हातात कापडी पिशवी, काखेत चपलांचं खोकं, पदर कपाळापर्यंत ओढलेला. बाबूलालची बायको इथं कारंज्यात, बसस्टँडवर, भर उन्हात कशी? आई म्हणून जिच्यापासून हे सगळं लपवायचं होतं, ती झपाझपा चालत समोर येऊन उभी राहिली.

"तू इथी काय करून राह्यली?" बाबूलालनं विचारलं.

"वर्षीची सँडल लहान झाली. बदलाले आली होती. म्हटलं गाडी याच रोडनं येते, थांबली तं थांबली." बोलता बोलता तिची नजर पिकअपवर गेली. टपावर, मागच्या हौद्यात, ड्रायव्हरच्या शेजारी. हौद्यात बसलेल्या भुरीबाईनं तिला पाहिलं आणि पदर तोंडावर ओढून घेतला. "अमर कुठं हाये?"

"त्याची शेवटची खेप राह्यली," बाबूलाल म्हणाला. "मुकादमानं ठेवून घेतलं. हळदीले येते."

"एकटाच?"

"अजून दोघं-तिघं हायेत."

"फोन लागून नाई राह्यला त्याचा."

"पाण्यात पडला."

ललिताबाईनं मान हलवली. मग ती सुनेकडे वळली आणि तिच्या गालावरून हात फिरवून बोटं आपल्या कानशिलावर मोडली. निता हसली. हसता येतं, हे तिला त्या क्षणी कळलं आणि स्वतःची घाण वाटली.

"किती वाळली गं. रस पेतं? ये, थंडा रस पाजतो तुले."

रसवंतीच्या चरकात ऊस करकरत होता. त्याचा तो गोड, हिरवा वास इथपर्यंत येत होता. सहा महिने तोच वास अंगाला, केसांना, भाकरीला होता, आणि ट्रॉलीच्या सावलीत आडवा पडलेल्या त्याच्या सदऱ्यालाही होता.

"नको आत्याबाई. मळमळते."

"मळमळते?" ललिताबाईच्या तोंडावर एकदम काहीतरी उजळलं.

"तसं नाई. गाडीनं."

"बरं. चल मंग, तोंड धुऊन घे. आंदर नळ हाये." तिनं निताचं मनगट धरलं. बांगड्या खुळखुळल्या. ललिताबाईनं खाली पाहिलं, अंमळ पाहतच राहिली, आणि म्हणाली, "बांगड्या भरल्या?"

"मीच भरल्या," बाबूलाल मध्ये बोलला. "लग्नाच्या घरी उघड्या हातानं कशी न्याची?"

इथं तो चुकला. लग्नाच्या बांगड्या घरी भरतात. हळदीच्या आदल्या दिवशी बांगडीवाली मांडवात येऊन बसते, आधी नवरीला भरते, मग घरच्या लेकीसुनांना, मग गावच्या बायांना. नवरीच्या आधी वहिनी हात भरून घेत नाही. ललिताबाईनं नवऱ्याकडे एकवार पाहिलं.

"बरं केलं," ती म्हणाली आणि सुनेला घेऊन आत गेली.

नळावर कोणी नव्हतं. ललिताबाईनं पिशवी आणि खोकं कट्ट्यावर ठेवलं, नळ सोडला आणि निताचा उजवा हात पाण्याखाली धरला. मग तिनं हिरव्या बांगड्या एकेक करून मागं सारायला सुरुवात केली. कोपरापर्यंत सारल्या. पोत्यातला दाणा चाचपावा तशी तिची बोटं मधे मधे काहीतरी शोधत होती. मग तिनं डावा हात घेतला. त्यातही शोधलं.

"माही बांगडी?"

निताला हे कधीतरी येणार हे माहीत होतं. फक्त इतक्या लवकर नको होतं.

दिवाळीनंतर टोळी निघाली तेव्हा ललिताबाईनं आपल्या डाव्या हातातली पितळी बांगडी काढून सुनेच्या उजव्या हातात घातली होती. तिच्या आईनं दिलेली जोडी होती ती, दोन हातांत दोन. उसात काच टिकत नाही, सकाळी भरलेली संध्याकाळी गळते. "काच गेली तं जाऊ दे," ती तेव्हा म्हणाली होती, "ही राहीन. हात उघडा नाई पडणार तुहा."

"उसात पडली कुठंतरी," निता म्हणाली.

"कवा?"

"ध्यानात नाई आलं."

"पडली," ललिताबाई म्हणाली. नळ चालूच होता. "साबण लावून घातली होती मी. तू वरडली होती. अमर म्हणे, आई, बायकोचा हात राहू दे माह्यासाठी. आठवते?"

निताला आठवत होतं.

ललिताबाईनं आपला डावा हात पुढं केला. अंगठ्याच्या बुडाशी, हाताभोवती गोल, एक पांढुरकी रेघ होती. जुनी, भरून आलेली. "ही दिवाळीची. मी काढली तवाची." मग तिनं निताच्या हातावरच्या ताज्या खपलीवर बोट ठेवलं. रेघ तीच, जागा तीच.

"अन् ही?"

रडायचं नाही असं ठरलं होतं आणि ती रडली नाही. पण ती ओल्या कट्ट्यावर खाली बसली. ललिताबाईनं तिचा हात सोडला नाही. दुरून कोणी पाहिलं असतं तर सासू सुनेचे हात धुऊन देते आहे, एवढंच दिसलं असतं.

"कोणं काढली?"

"भुरीबाईनं."

"कुठं?"

"नदीवर."

मानोऱ्याची गाडी सुटली. तिचा धूर नळापर्यंत आला आणि विरला. ललिताबाईनं नळ बंद केला. मग, तो बंद कशाला केला हे न कळल्यासारखा, पुन्हा सोडला.

"आगी कोणं देल्ली?"

"मामाजीनं."

"कसा?"

"पडला ट्रॉलीवरून. सकाळी. काई लागलं नव्हतं आत्याबाई. चांगला बोलून राह्यला होता. डोकं दुखते म्हणून झोपला." आता शब्द थांबेनात. "मले वाटलं थकले असतीन. झोपू द्यावं म्हटलं. मी उठवलंच नाई."

"झोपलेल्या माणसाले कोण उठवते," ललिताबाई म्हणाली.

तिचं तोंड कोरडं होतं. तिनं पाण्याची ओंजळ भरली, तोंडाशी नेली आणि न पिताच सोडून दिली.

"जेवला होता का?"

"हो."

"काय?"

"भाकर अन् वांगं. तुमी देल्लेलं लोणचं होतं, त्याचा खार."

"पुरलं होतं का लोणचं?"

"त्यायच्यासाठी ठेवलं होतं थोडं."

"बरं केलं."

बाहेर हॉर्न वाजला. एकदा, मग लांब. बाबूलालची हाकही आली. निता उठायला लागली तशी ललिताबाईनं तिला खांद्यावर हात ठेवून बसवलं. पिशवीत हात घालून तिनं साबणाची नवी वडी काढली, लग्नाच्या पाहुण्यांसाठी घेतलेली. वरचा कागद दातानं फाडला. आपला उजवा हात नळाखाली भिजवला आणि त्यातल्या उरलेल्या पितळी बांगडीवर साबण घासायला लागली.

"आत्याबाई, नको."

ललिताबाईनं ऐकलं नाही. तिच्या हाताची हाडं वयानं जाड झाली होती, दिवाळीला डाव्या हातातली जशी निघाली तशीही ही आता निघेना. तिनं अंगठा आत दाबला, दात आवळले आणि ओढली. पाण्यात लालसर धार मिसळली. तिच्या तोंडून पहिल्यांदाच कण्हणं निघालं, ते हाताचं होतं की कशाचं, तिलाच ठाऊक. निता वडी धरून बसून राहिली. दुसरं काय करणार होती? शेवटी बांगडी निघाली.

"हात."

"मी नाई घालत. मले घालू नका. माह्या हातात काई…"

"घरी बाया हात पाहतीन," ललिताबाई म्हणाली. "सगळ्या कोऱ्या दिसल्या तं एका घडीत समजन त्यायले. मले समजलं तसं. तुह्या सासऱ्याले येवढी अक्कल असती तं…" ती थांबली. "हात दे पोरी. गाडी थांबली हाये."

तिनं हिरव्या बांगड्या मागं ढकलल्या, निताच्या पंजाला साबण फासला आणि बांगडी चढवली. खपलीवर आली तेव्हा क्षणभर थांबली, मग एका दमात आत सारली. निता ओरडली नाही. दिवाळीला जो चेष्टा करायला होता तो आता नव्हता.

"अन् हळद तूच लावशीन. पहिली."

"वर्षाताईचं वाईट होईन."

"तिचं हे लग्न कोणं जमवलं?"

निताला अमरदीपच्या त्या चार खेपा आठवल्या.

"त्यानं पाय धरले पाव्हण्यायचे. तो असता तं त्याच्या बायकोचाच हात लागला असता पयले. तोच हात हाये हा." तिनं निताचे दोन्ही पंजे आपल्या ओल्या हातांत धरले. "देवाले काई म्हणाचं असन तं मले म्हणन. मी माय हावो त्याची."

मग तिनं पदरानं सुनेचं तोंड पुसलं आणि वाकडी बसलेली टिकली नखानं सोडवून कपाळाच्या मधोमध लावली. सोललेला हात तिनं पदरात गुंडाळला.

पिकअपपाशी बाबूलाल तळमळत उभा होता.

"येवढा वेळ काहून लागला?"

"पोरीले दोन दिवस उपाशी आणलं तुमी," ललिताबाई म्हणाली. "तोंडावर पाणी मारलं. बसा समोर."

बाबूलालनं बायकोच्या चेहऱ्यात काही सापडतं का ते पाहिलं. सापडलं नाही. त्याचे खांदे जरा सैल झाले आणि तो ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसला. आपण निभावलं, असंच त्याला वाटलं असणार.

देवमननं हात दिला आणि ललिताबाई मागं चढली. गोधड्यांवर जागा करून बसली, निताला जवळ बसवलं. समोर एक लाल, चाकांची बॅग आडवी बांधलेली होती, प्लास्टिकचं वेष्टण अजून तसंच.

"ही कोणाची?"

"वर्षाताईले," निता म्हणाली. "यायनं घेतली होती. नवरीनं सासरी पेटी नाई, चाकाची बॅग न्याची म्हणे."

ललिताबाईनं दोर सोडवून बॅग ओढून घेतली आणि आपल्या दोन गुडघ्यांमधे उभी धरली. गाडी सुरू झाली. बाजारपेठ मागं पडली, रस्त्याच्या कडेची झाडं सुरू झाली, इंझोरीच्या रस्त्याला गाडी लागली. हौद्यात कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. भुरीबाईचा पदर अजून तोंडावर होता.

"भुरे," ललिताबाईनं हाक मारली.

भुरीबाईनं पदर जरासा खाली केला.

"अमर हळदीले येते म्हणे."

भुरीबाईचे डोळे निताच्या हातावर गेले. हिरव्या काचेच्या पुढं पितळी बांगडी होती, तिनं स्वतः चिखल आणि साबण लावून काढली होती आणि स्वतः अमरदीपच्या छातीवर ठेवली होती, हुबेहूब तशीच. ती पाहतच राहिली. मग तिनं ललिताबाईच्या पदरात गुंडाळलेल्या हाताकडे पाहिलं. पदरावर लाल डाग उमटला होता.

"येते ना," भुरीबाई म्हणाली. आवाज फाटला म्हणून तिनं खाकरून पुन्हा म्हटलं, "येते. काहून नाई येणार?"

"तुले काय सांगतलं देवमन, त्यानं?"

देवमन रस्त्याकडे तोंड करून बसला होता. तो वळला नाही. "येतो म्हणे वहिनी. गाडी भेटली की येतो."

"हं." ललिताबाईनं सगळ्यांवरून नजर फिरवली, एकेकावर थोडी थांबवत. "मंग घरी सगळ्यायनं एकच सांगजा. एक सांगते एक अन् दुसरा सांगते दुसरं, असं नको."

सगळ्यांच्या माना हलल्या.

गाडीनं खड्डा घेतला तशी बॅग डावीकडे कलली. ललिताबाईनं ती गुडघ्यांनी आवळून सरळ केली. पदराखाली तिनं निताचं मनगट पकडलं होतं, बरोबर पितळी बांगडीवर, आणि खपलीवर कडा रुतत होती. निताला ते दुखत होतं. तिनं हात काढून घेतला नाही. पुढच्या वळणानंतर वस्तीतलं लिंबाचं झाड दिसायला लागलं आणि त्याच्या शेजारी, अंगणात घातलेला नवा मांडव.